घराचं काम आणि रोजच्या बोलण्यातलं ‘कन्सील्ड’

कृष्णाकाठची_सई

मंडळी, सांगलीला आईबाबांच्या घराचं काम काढलंय. पुढच्या खोल्या विटांच्या आणि मागची एक खोली आजोबांच्या वेळची, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची. वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचं, पट्टीला पत्र्याच्या क्लिपा आणि त्यात काळवंडलेली वायर. बाथरूमच्या जीआय, म्हणजे लोखंडी पाइपा आतून गंजून इतक्या चोंदल्यात की बादली भरायला वेळच लागतो.

काम सुरू झाल्यापासून एक शब्द घरात सारखा कानावर पडतोय, ‘कन्सील्ड’, म्हणजे वरून न दिसणारं, आत लपवलेलं. “ताई, पॉइंट कन्सील्ड घ्यायचे का वरून पट्टी?”, “कन्सील्डला रेट वेगळा बसतो”, “फ्लशची टाकी कन्सील्ड घेतली तर भिंत थोडी पुढं येणार बघा”, “कपाटाला हँडल कन्सील्ड देतो, एकदम प्लेन दिसतंय”. गवंडी म्हणतो, वायरमन म्हणतो, सुतार म्हणतो, आणि परवा आई फोनवर मावशीला सांगत होती, “आमचं यावेळी सगळं कन्सील करून घेतोय गं.” आईने हा शब्द आयुष्यात कधी वापरला असेल असं वाटत नाही, पण वाक्यात बरोबर बसवला.

तुमच्याकडे कुठल्या कुठल्या कामात हा शब्द येतो, कसा वापरता, आणि अशी कामं करून घेताना काय अनुभव आले ते सगळं इथे लिहा. माझं मत आधीच सांगते. शब्द इंग्रजी आहे याचं मला काही वाटत नाही, तिकडे गवंड्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना तो एकाच अर्थाने कळतोय. माझी काळजी वेगळी आहे. एकदा गिलावा झाला की भिंतीच्या आत काय गेलंय, कुठून गेलंय हे फक्त मिस्त्रीच्या डोक्यात राहतं, आणि तो दुसऱ्या साइटवर गेला की ती माहितीही गेली. बाबांना उद्या भिंतीला खिळा ठोकायचा असेल तर कुणाला विचारायचं?

---

तारवाला_कोल्हापूर

सईताई, वायरमन आहे, वडिलांच्या हाताखाली शिकलो, त्यामुळं पट्टीपण बघितलीय आणि कन्सील्डपण. आमच्या धंद्यात तर हा शब्द दिवसभर तोंडात असतो. “कन्सील्ड हाय का ओपन?” हा कुठल्याही साइटवरचा पहिला प्रश्न, कारण त्याच्यावर माल, मजुरी, दिवस सगळं ठरतं.

आता कामाचं सांगतो, नीट वाचा.

झिरी, म्हणजे पाइप बसवायला भिंतीत कापायची खाच, मारायच्या आधी भिंतीवर खडूने सगळं आखून घ्या आणि स्वतः उभं राहून बघा. बोर्डपासून पाइप सरळ वर किंवा सरळ खाली गेली पाहिजे. काहीजण पाइप वाचवायला तिरकी झिरी मारतात, ती अजिबात मारू देऊ नका. उभी-आडवी लाइन असली की पुढं दहा वर्षांनी कुणीही आला तरी बोर्ड बघून त्याला अंदाज येतो की वायर ह्या रेषेत आहे, तिथं ड्रिल मारायचं नाही. तिरकी मारली की तो अंदाज गेला. आडवी झिरीपण लांबच्या लांब नको, भिंत कमजोर होते, आणि चार इंची भिंतीला तर एकाच जागी दोन्हीकडून मारायचीच नाही. आरसीसी कॉलम आणि बीमला कटर लावायचा नाही म्हणजे नाही, कितीही घाई असली तरी.

पाइपच्या आत वायरला जॉइंट नको. जॉइंट द्यायचा तर जंक्शन बॉक्समध्ये, जिथं झाकण उघडून बघता येतं. पाइप ठासून भरायची नाही, साधारण चाळीस टक्के भरली की बास, राहिलेली जागा हवेला आणि उद्या एखादी वायर बदलायला. लाइट-फॅनला १.५ स्क्वेअर एमएम, प्लगला २.५, गिझर आणि एसीला ४ ची वेगळी लाइन. हिरवी वायर अर्थिंगची, ती प्रत्येक प्लगला गेलीच पाहिजे, बोर्ड उघडून डोळ्यांनी बघा. आणि डीबीमध्ये, म्हणजे घरातले मेन स्विच असतात त्या डब्यात, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा, करंट गळला की ती लाइन तोडते. एमसीबी लोड आणि शॉर्टसाठी असते, माणसाला शॉक बसताना ती पडेलच असं नाही, ते काम आरसीसीबीचं. वयस्कर माणसं आहेत घरात म्हणून जास्त सांगतोय.

एक अजून. मागची मातीची खोली कन्सील्ड करू नका. पांढऱ्या मातीच्या भिंतीत कटर घातला की ढेकळं निघतात, झिरी म्हणून मारता आणि वीतभर खिंडार पडतं, वर सिमेंट भरलं तरी माती आणि सिमेंट एकमेकाला धरत नाही, पावसाळ्यात तिथंच फुगतं. तिथं पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी मारा, पांढरी येते, दिसायला वाईट नाही.

---

मेघना_ठाणे

वायरिंगपेक्षा प्लंबिंगचं कन्सील्ड जास्त त्रास देतं असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे, कारण वायरला काही झालं तर ट्रिप होऊन लगेच कळतं, पाणी मात्र महिनोन्महिने गुपचूप झिरपत राहतं.

आमच्या किचनच्या भिंतीला ओट्याच्या वर एक ओलसर डाग दिसायला लागला. आधी वाटलं पावसाचं आहे, पण उन्हाळ्यातही तो वाढतच राहिला, रंगाचे पोपडे सुटले, मागे पांढरा खारा थर आला, हात लावला की पावडर निघायची. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. बिल्डरकडे प्लंबिंगचा ड्रॉइंग मागितला तर मिळाला तो बिल्डिंगच्या परवानगीसाठी केलेला, प्रत्यक्षात पाइप कुठून नेली ते त्यात नाहीच. मग प्लंबरने अंदाजाने एक टाइल फोडली, तिथे कोरडं, दुसरी फोडली, तिथेही कोरडं. शेवटी गळती निघाली शॉवरच्या डायव्हर्टरच्या मागे, एका एल्बोच्या जोडावर. तो जोड सुपारीएवढा, आणि त्याच्यासाठी डोक्याएवढी उंच अख्खी पट्टी टाइल्स काढाव्या लागल्या, त्या रंगाच्या टाइल्स बाजारात बंद झालेल्या.

म्हणून सई, दोन गोष्टी कर. टाइल्स लावायच्या आधी सगळ्या नळांच्या जागी बूच मारून हातपंपाने प्रेशर देऊन बघायला लाव. रोजच्या दाबापेक्षा चांगला जास्त दाब देतात आणि काटा काही तास तिथेच राहतो का बघतात. उतरला तर कुठेतरी जोड सैल आहे, तो आत्ता सापडला तर दहा मिनिटांचं काम आहे. आणि टाइल्सचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेव, नक्की ठेव. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच घाल, साधी यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही आणि भिंतीत गेल्यावर कुठली घातली ते बाहेरून कळत नाही.

---

दाभणदोरा

शिलाईत पण आहे हा शब्द. गिऱ्हाईक येऊन सांगतं, “मागून कन्सील झिप लावा.” म्हणजे अशी चेन की लावल्यावर दात दिसत नाहीत, फक्त शिवण दिसते आणि वर एक थेंबासारखी छोटी पकड. वन पीसला, कुर्तीच्या बाजूला, लेहंग्याला हल्ली हीच मागतात.

ती बसवायला साधा पाय चालत नाही, खाली खाचा असलेला वेगळा पाय लागतो, चेनचे दात इस्त्रीने जरा उलगडून घ्यायचे आणि टीप अगदी दातांच्या मुळाशी घालायची. जरा लांब गेली की पट्टी डोकावते, जरा आत गेली की चेन अडकते. फिटिंगचं कापड असेल तर मी नाही म्हणते, कारण ही चेन साध्या चेनपेक्षा नाजूक, ओढ बसली की मधूनच उघडते. ब्लाउजला हूकच चांगले.

आमच्याकडे जुन्या बायका पेटीकोटला आतून चोरखिसा शिवायला सांगतात, प्रवासात पैसे ठेवायला. त्याला कुणी कन्सील पॉकेट म्हणत नाही, चोरखिसाच म्हणतात.

---

गडवाटा

चोरखिसा वरून आठवलं. चोरदरवाजा, चोरवाट, चोरकप्पा, चोरदिंडी. आपल्याकडे बांधकामात लपवण्याचं शास्त्र फार पुढे गेलेलं होतं आणि ते आजही हाताने चाचपून बघता येतं, म्हणून लिहितो.

रायगडावर महादरवाजाकडून टकमक टोकाकडे तटबंदीच्या कडेने चालत गेलात तर तट संपायच्या थोडं अलीकडे बुरुजापाशी चोरदिंडी आहे. बुरुजाच्या आतून खाली पायऱ्या उतरतात आणि दाराशी जातात. बाहेरच्या बाजूने बघणाऱ्याला तो नुसता तट वाटतो. महादरवाजाचं बघा, दोन बुरूज असे पुढे आणलेत की खालून चढून येणाऱ्याला दार समोरून दिसतच नाही, बुरुजांच्या मधल्या वळणात शिरल्यावरच ते एकदम पुढ्यात येतं. ह्या बांधणीला गोमुखी म्हणतात. फायदा सरळ आहे, तोफेचा मारा थेट दारावर करता येत नाही, हत्तीला धडक द्यायला लांबून पळत यायला जागा मिळत नाही, आणि वळणात शिरलेल्या माणसावर दोन्ही बाजूंनी वरून मारा करता येतो. शिवकाळातल्या बऱ्याच गडांवर हे आहे, पुढच्या वेळी गेलात की दाराचा फोटो काढून पुढे न जाता दहा पावलं मागे येऊन बघा दार कुठून दिसायला लागतं ते.

पण चोरदिंडी किल्लेदाराला माहीत असायचीच. लपवलेलं कुणापासून हे ठरलेलं होतं. सईने विचारलंय तो मुद्दा इथेही तोच आहे.

---

कृष्णाकाठची_सई

गडवाटा, फार छान लिहिलंत. आमच्या सांगलीतलं उदाहरण देते मग. हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खोदलेले कोठार, वर तोंड लहान, आत पोट मोठं, वरून माती टाकून बंद केलं की शेतातून चालणाऱ्याला कळणारही नाही खाली एवढा माल आहे. तिथल्या मातीमुळे हळद त्यात कितीतरी वर्षं टिकते, कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं खराब झाली, पण पेवात हळद ठेवायची पद्धत आमच्याकडच्या माणसांना चांगली ठाऊक आहे. आणि तिथे व्यवहार चालायचा तो पावतीवर. माल जमिनीखाली आणि पावती हातात. मला भिंतीच्या बाबतीत तेच हवंय, वायर आत असू दे, पावती माझ्या हातात हवी.

तारवालादादा, मागच्या खोलीचं तुम्ही सांगितलेलं आमच्या वायरमनला विचारलं, तोही म्हणाला मातीत झिरी नको, तुम्ही विचारलं नसतं तर मारली असती कारण सगळ्यांना सगळं कन्सील्डच पाहिजे असतं. तिथे पट्टीच करतोय. आईला पटवायला वेळ लागेल पण पटेल.

---

पॉलिसीधारक_नाशिक

धागा बांधकामाचा आहे पण हाच शब्द कागदावर येतो तेव्हा फार वाईट येतो, ते सांगायला पाहिजे. माझं काम लोकांचे विम्याचे क्लेम भरून द्यायचं, पत्रं रोज वाचतो. क्लेम नाकारल्याच्या पत्रात एक ओळ असते, ‘महत्त्वाची माहिती कन्सील केल्यामुळे’ अशा अर्थाची. घरच्या माणसांना धक्का बसतो, कारण त्यांच्या लेखी कुणी काही लपवलेलंच नसतं.

होतं कसं ते बघा. घरी माणूस येतो, फॉर्म इंग्रजीत, तोच भरतो. विचारतो, काही मोठा आजार? काका म्हणतात तसं काही नाही, शुगरची एक गोळी चालू आहे. तो म्हणतो ती सगळ्यांनाच असते, सोडा. आणि डायबेटिसच्या पुढे ‘नाही’ वर टिक होते. काका खाली सही करतात. पुढे अॅडमिट व्हायची वेळ आली की हॉस्पिटलच्या केसपेपरवर पहिलीच ओळ डॉक्टर लिहितो, ‘सहा वर्षांपासून मधुमेह’. कंपनी दोन कागद शेजारी ठेवते. काकांनी तोंडाने सांगितलं होतं, पण कागदावर ते आलंच नाही, आणि कायद्याच्या भाषेत ते लपवणं झालं.

आता तुमच्या बाजूचं काय आहे तेही माहीत असू द्या. आयुर्विम्यात, म्हणजे लाइफ पॉलिसीत, विमा कायद्याचं कलम ४५ आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं पूर्ण झालेल्या पॉलिसीवर कंपनी कुठल्याही कारणाने शंका घेऊ शकत नाही. मात्र तीन वर्षं मोजताना पॉलिसी मध्ये बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर त्या तारखेपासून मोजतात, हे लोकांना माहीत नसतं. आरोग्य विम्यात २०२४ पासून पाच वर्षं सलग पॉलिसी चालू असेल तर माहिती सांगितली नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत आठ वर्षं होती. आणि आधीपासूनचे आजार सांगितले तर त्यासाठी जास्तीत जास्त थांबावं लागतं ते आता तीन वर्षं, पूर्वी चार होती. म्हणजे खरं सांगून तीन वर्षं थांबणं हे कधीही परवडतं.

त्यामुळे फॉर्म स्वतः भरा, इंग्रजी येत नसेल तर मुलाला, सुनेला, शेजारच्या कॉलेजच्या पोराला बसवून एकेक प्रश्न मराठीत समजून घ्या, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. पॉलिसीसोबत ती येते, उघडून वाचा. चूक दिसली तर लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.

इन्कम टॅक्सचंही तसंच होतं, १९६१ च्या कायद्यात कलम २७१ मध्ये उत्पन्न ‘कन्सील’ केल्याचा दंड होता, करचुकवेगिरीच्या रकमेच्या शंभर ते तीनशे टक्के. २०१७-१८ च्या असेसमेंट वर्षापासून ते बदलून २७०ए आलं, त्यात कमी दाखवलेलं आणि चुकीचं दाखवलेलं असे दोन भाग केले, पन्नास आणि दोनशे टक्के. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ‘कन्सीलमेंटची नोटीस’ असंच येतं.

---

तारवाला_कोल्हापूर

पॉलिसीवाले साहेब, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्या आईचा फॉर्म असाच कुणीतरी भरलेला आहे, आज रात्रीच काढून बघतो.

---

रानपाखरू

गडवाटांनी किल्ले आणले तर मी रान आणते, थोडक्यातच. आम्ही पक्षी बघणारे कन्सील म्हणत नाही, कॅमोफ्लाज म्हणतो, आणि ते वाक्यात क्रियापद म्हणून पण येतं, “बघ कसला कॅमोफ्लाज झालाय.” रातवा बघायचा असेल तर दिवसा पानगळीत बसलेला बघा. पाच फुटांवर असतो आणि दिसत नाही, वाळकी पानं, काटक्या, ऊन-सावली सगळं त्याच्या पाठीवर उतरलेलं असतं. डोळा तेवढा मिटून चिरेसारखा केलेला, कारण काळा गोल डोळा हीच एक गोष्ट त्याला उघड पाडू शकते. अगदी पायाखाली येईपर्यंत तो हलत नाही.

म्हणून विनंती, उन्हाळ्यात त्यांची विणीची वेळ असते, घरटं बांधत नाहीत, अंडी सरळ जमिनीवर पानांत असतात. वाट सोडून रानात पाऊल टाकताना बघून टाका, आणि फोटोसाठी पानं बाजूला करू नका.

---

अनामिका_सोलापूर

मला इथे लिहू की नको असं वाटत होतं, पण रानपाखरू यांचा कॅमोफ्लाज शब्द वाचून लिहितेय.

मला कोड आहे. हातावर आणि ओठांच्या कडेला. डॉक्टरांकडे जे क्रीम मिळतं त्यालाही कॅमोफ्लाज क्रीमच म्हणतात, साध्या कन्सीलरपेक्षा दाट असतं, पाण्याने लगेच जात नाही, आपल्या रंगाशी जुळवून दोन शेड मिसळून लावावं लागतं आणि वर पावडर मारून बसवायचं. कॉलेजच्या दिवसात मी ते रोज लावायचे. आता लग्नकार्याला, फोटोला मन झालं तर लावते, नाही झालं तर नाही. ते वापरण्यात मला काही वाईट वाटत नाही, ज्यांना त्याचा आधार वाटतो त्यांनी जरूर वापरावं.

वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. मावश्या-आत्या अजून कोड असलेल्या मुलींना सांगतात, स्थळ येईल तेव्हा फुल बाह्या घाल, बोलायचं नाही. कोड संसर्गाने होत नाही, हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, शरीराचीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून होतो. हे सगळं माहीत असलेली माणसंसुद्धा झाकायला सांगतात. माझ्या नवऱ्याला मी पहिल्या भेटीतच हात पुढे करून दाखवला होता. २५ जूनला जागतिक कोड दिवस असतो, त्या दिवशी तरी घरातल्या मोठ्यांशी यावर बोला, एवढंच म्हणायचं होतं.

---

मेघना_ठाणे

अनामिका, लिहिलंस ते फार बरं केलंस. माझ्या भाचीला दाखवते हे, आठवीत आहे, तिच्या कोपरावर डाग यायला लागलेत आणि घरात सगळे कुजबुजत बोलतात. तिला हे तुझ्या शब्दांत वाचायला मिळायला हवं.

---

एडिसनकर

न्यू जर्सीत राहतो. सईचा मुद्दा वाचून इथली पद्धत सांगावीशी वाटली, कारण तिने जी पावती म्हटली ती इथे सरकारच मागते.

इथली घरं लाकडी फळ्यांच्या सांगाड्याची, वरून ड्रायवॉल म्हणजे प्लास्टरचे तक्ते. वायरिंग, पाइप सगळं त्या पोकळीत. आम्ही बेसमेंट करून घेतलं तेव्हा वायरिंग आणि पाइप टाकून झाले आणि काम थांबलं. टाउनशिपचा इन्स्पेक्टर येऊन उघड्या भिंती बघून सही करून जाईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरला तक्ते लावायची परवानगीच नाही. त्याने एका ठिकाणी वायर फळीच्या कडेच्या फार जवळ होती तिथे लोखंडी पट्टी ठोकायला लावली, म्हणजे उद्या कुणी स्क्रू मारला तर तो पट्टीवर अडेल, वायरपर्यंत जाणार नाही. मग सगळं झाकून झाल्यावर पुन्हा दुसरी तपासणी.

आपल्याकडे घरच्या कामाला असं कुणी येत नाही, म्हणून ते काम घरच्यांनीच करायला हवं. गिलाव्याच्या आदल्या दिवशी काम थांबवा. थांबवाच. गवंडी उभा असतो, माल कालवलेला असतो, त्या घाईत कुणी बघत नाही.

माझ्या आईबाबांच्या साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये कुणाकडेच काही नोंद नाही, तिथे टीव्ही भिंतीला लावायचाय. जुन्या भिंतीत वायर कुठे आहे ते कळायला काही मार्ग आहे का, तारवालेदादा?

---

तारवाला_कोल्हापूर

आहे की. हातात धरायचं डिटेक्टर मिळतं, भिंतीवरून फिरवलं की चालू वायर किंवा लोखंड असेल तिथं आवाज येतो. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्या. साधं स्वस्तातलं डिटेक्टर वायरमध्ये करंट असला तरच ओळखतं, म्हणून त्या भिंतीवरचे सगळे स्विच चालू करून ठेवा. आणि पीव्हीसीची पाण्याची पाइप त्याला कळत नाही, तेवढ्यासाठी बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला शक्यतो काही लावूच नका.

डिटेक्टर नसेल तर बोर्ड उघडा, पाइप वर गेलीय का खाली ते बॉक्समध्ये दिसतंच. त्या बोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली, दोन्हीकडं वीतभर जागा सोडून टीव्ही घ्या. ड्रिल मारताना डीबीतून मेन बंद आणि ड्रिलला शेजारच्यांकडून एक्स्टेन्शन. शेजारी कुरकुरणार नाहीत, चहाला बोलवा.

---

कृष्णाकाठची_सई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलंय ते लिहिते म्हणजे कुणाला उपयोग होईल.

पुढच्या खोल्या कन्सील्ड, मागची मातीची खोली पट्टी. फ्लशची टाकी कन्सील्ड घेत नाहीये. तिची दुरुस्ती समोरच्या बटणाच्या प्लेटमधून हात घालून करावी लागते आणि आमच्या गल्लीतल्या प्लंबरने ती कधी उघडलेली नाही, बाबांना रोज लागणारी वस्तू आहे, बाहेरची टाकी बरी. गिलाव्याच्या आदल्या दिवशी काम बंद ठेवायचं गवंड्याला सांगून ठेवलंय, तो म्हणाला एक दिवसाची मजुरी जाईल, म्हटलं देते. प्रत्येक भिंतीचा फोटो टेप धरून काढणार, एक टेप जमिनीपासून उभी आणि एक कोपऱ्यापासून आडवी, म्हणजे फोटोतच माप येईल. त्याचे प्रिंट काढून खोलीचं नाव, भिंत पूर्वेची का दक्षिणेची ते मागे लिहून घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवणार, मोबाइलवरचे फोटो वेळेला सापडत नाहीत. आणि पॉलिसीधारक यांचं वाचून बाबांच्या पॉलिसीचा फॉर्मही त्याच पिशवीतून काढून वाचायला घेतलाय.

तारवालादादा, अजून काही राहिलं असेल तर सांगा, परवा झिऱ्या बुजवणार.

---

तारवाला_कोल्हापूर

फोटोची आयडिया एक नंबर. डीबीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा, कुठली एमसीबी कुठल्या खोलीची ते मराठीत मोठ्या अक्षरात, बाबांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

आणि बुजवायच्या आधी प्रत्येक बॉक्समध्ये ओला कागद कोंबून घ्या, पाइपच्या तोंडाला टेप मारा. गिलावा करताना आत माल जातो, वाळून दगड होतो, आणि वायर ओढायला घेतली की पाइप मध्येच बंद सापडते, मग नवीन गिलावा फोडायची पाळी येते. गवंड्यावर सोडू नका, वायरमनला थांबवून घ्या त्या दिवशी.